यादीतला दरवाजा: एका दरबारी प्रेमकथेचं प्रकरण

आमच्या सोलापूरच्या लेखन गटात आलेल्या एका कथेचा हा सविस्तर अभ्यास आहे. दरबारी कारस्थान, प्रेम आणि हलकीशी जादू हे तिन्ही एकाच लघुकथेत नांदवायचं म्हटलं की जिथे जिथे अडतं, तिथे तिथे ही कथा अडली. त्यातलं बरंचसं सुटलं, काही अजून तसंच आहे. लेखिकेने लिहायला परवानगी दिली, नाव मात्र नको म्हणाली. ती अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघते. गठ्ठे मोजायचे, पॅकिंग लिस्ट करायची, चलनाशी ताळा घालायचा, मग गाडी सोडायची. तिची ही नोकरी पुढे कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कथेचा काळ 1564, जागा सोलापूरचा भुईकोट. या किल्ल्यावरून आपण रोज जातो, सुट्टीत पोरांना आतल्या बागेत नेतो, पण तो लग्नाच्या बोलणीत दोनदा ओढला गेला होता हे शहरात फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिल्यांदा 1524 च्या सुमारास. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी लागलं, तेही सोलापुरातच. आदिलशाही सरदार असदखानाने सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचे साडेपाच परगणे हुंडा म्हणून कबूल केले, असं निजामशाहीचं म्हणणं. लग्न उरकल्यावर इस्माईलने हात वर केले, असा शब्द कुणी दिल्याचं आपल्याला माहीतच नाही म्हणाला. फिरिश्ता या दख्खनी इतिहासकाराने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. त्या न मिळालेल्या हुंड्यापायी दोन शाह्यांची पुढे अनेकदा जुंपली आणि किल्ला या हातातून त्या हातात फिरत राहिला. दुसरी सोयरीक उलट दिशेने झाली. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, सोबत सोलापूर आंदण दिलं, आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला केली. विजयनगरच्या विरोधात एकत्र यायचं म्हणून केलेलं हे साटंलोटं. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली ती या सोयरिकीच्या जोरावर.

लेखिकेने नेमका मधला सांधा पकडला होता. लग्न ठरलं आहे, किल्ला द्यायचा आहे, पण अजून दिलेला नाही. निजामशाही माणसं आवराआवर करताहेत आणि आदिलशाही माणसं ताबा घ्यायला येऊन बसली आहेत. इतकी चांगली जागा सहसा सापडत नाही. दोन्ही बाजू वरकरणी व्याही आहेत, मेजवान्या चालू आहेत, आणि दोघांनाही चाळीस वर्षांपूर्वीचा मोडलेला शब्द आठवतो आहे.

पहिला खर्डा या जागेवर उभा होता, पण तिचा उपयोग करत नव्हता. त्यात नायिका किल्लेदाराच्या जनान्यातली एक मुलगी. तिच्या लेखणीत शक्ती होती, ती जे कागदावरून खोडेल ते जगातून नाहीसं होई. नायक विजापूरचा तरुण सरदार. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, चांदण्यात, पहिल्याच नजरेत प्रेम. मग किल्लेदाराचा कट कळतो, नायिका तोफा खोडते, तोफा गायब होतात. शिपाई खोडते, शिपाई गायब. शेवटी ती स्वतःचं नाव खोडते आणि नायकाबरोबर कुठल्याशा दुसऱ्या जगात निघून जाते.

वाचून झाल्यावर गटात जरा वेळ कुणी बोललं नाही. भाषा सुरेख होती, त्यामुळे सगळ्यांनाच जपून बोलायचं होतं. शेवटी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “बाई, हिला एवढं सगळं येतं, मग ही रडत कशाला बसलीय?” त्या एका वाक्यात दुखणं आलं. हवं ते खोडता येणाऱ्या बाईपुढे कट टिकत नाही, आणि कट नसला की प्रेमाला धोका उरत नाही. या प्रकारच्या कथांमध्ये मला हे वारंवार दिसतं. लेखक जादू मोठी करत जातो, कारण मोठी जादू सुंदर दिसते. दरबार मात्र छोट्या गोष्टींवर चालतो. कोण कोणाच्या आधी उठला, कागदावर शिक्का कोणाचा, निरोप कोणी नेला. अशा ठिकाणी तोफा गायब करणारी शक्ती आणली की बाकीचं सगळं पोरखेळ वाटू लागतं. हलकी जादू म्हणजे कमी ताकदीची जादू असं माझं मत नाही. जी दरबाराच्याच कामकाजात मिसळून जाते आणि जिच्यामुळे पात्रांची अडचण वाढते, ती हलकी जादू.

त्याच बैठकीत काकांनी दुसरी गोष्ट विचारली, आणि कथा खरी तिथे वळली. “किल्ल्याचा चार्ज कसा दिला?” त्यांचा सगळा जन्म कचेरीत गेलेला. बदली झाली की चार्ज देताना काय होतं हे ते सांगू लागले. डेडस्टॉक रजिस्टर काढायचं, एकाने नोंद वाचायची, दुसऱ्याने वस्तूला हात लावून खात्री करायची, मोडकी खुर्चीसुद्धा ‘मोडकी’ म्हणून लिहायची, आणि शेवटी ‘चार्ज दिला’, ‘चार्ज घेतला’ अशा दोन सह्या. एखादी वस्तू यादीत नसली तर? काका म्हणाले, “मग ती वस्तू नव्हतीच. नवा साहेब बघूनसुद्धा बघत नाही.”

लेखिका हे ऐकताना वहीत काही लिहीत होती. तिच्या कारखान्यातही तोच नियम. पॅकिंग लिस्टमध्ये गठ्ठा नाही, तर गाडीत दिसला तरी तो गठ्ठा माल नाही.

दुसऱ्या खर्ड्यात सरदार गेला आणि चांदणंही गेलं. आता नायिका किल्ल्यातल्या कारकुनाची मुलगी. बापाची नजर गेलेली आहे, पण नोकरी जाऊ नये म्हणून घराबाहेर हे कुणाला सांगितलेलं नाही. मोडी लिहिते ती, खाली नाव बापाचं. नायक विजापूरहून ताबा घ्यायला आलेल्या मंडळींतला फारसी लिहिणारा कारकून. किल्ल्याच्या दोन याद्या होणार, एक मोडीत, एक फारसीत, आणि दोन्हींचा ताळा बसला की मगच किल्ल्या हातात पडणार. ही मांडणी त्या काळाला धरून आहे. दख्खनच्या शाह्यांत फारसी आणि मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या, दोन्ही भाषांतले आदिलशाही कागद आजही मिळतात, आणि इब्राहिम आदिलशहा पहिला याने तर हिशेबाचं कामकाज फारसीऐवजी इथल्या लोकांच्या भाषेत आणलं होतं.

जादूही बदलली. ही मुलगी जे यादीतून वगळते ते नाहीसं होत नाही, फक्त माणसं ते विसरतात. वस्तू जागच्या जागी असते. लोक तिच्या बाजूने जातात, अंग चोरून वळसाही घालतात, पण ती आहे हे त्यांच्या मनात येत नाही. ही शक्ती कुठून आली याबद्दल कथेत अवाक्षर नाही, आणि ते बरोबरच आहे असं मला ठामपणे वाटतं. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने शंका काढली होती की वाचक विचारतील. त्यावर चर्चा गड्ड्याच्या जत्रेवर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेवर गेली. दर जानेवारीत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ हजारो लोक अक्षता टाकतात. लग्न कुणाचं? बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांच्यावर मन जडलेल्या कुंभाराच्या मुलीचं, त्यांच्या योगदंडाशी. स्वतः सिद्धरामेश्वर लग्नाला तयार नव्हते, म्हणून त्यांनी दंडाशी लग्नाची संमती दिली. आठशेहून अधिक वर्षं लोटली, नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलतात, आणि दंडाशी लग्न कसं लागतं हे कुणी कुणाला समजावत बसत नाही. ज्या गावात अशी प्रेमकथा दरवर्षी रस्त्यावर साजरी होते, तिथल्या लेखिकेने जादूची जन्मकुंडली मांडायची गरज नाही.

नव्या नियमामुळे कटाला लगेच धार आली. किल्लेदाराला तलावाच्या अंगाचा एक चोरदरवाजा यादीतून वगळायचा आहे. उद्या व्याह्यांचं बिनसलंच, तर रातोरात आत शिरायला वाट असावी. (हा दरवाजा कल्पनेतला आहे, किल्ल्यात तो शोधायला जाऊ नये.) किल्लेदाराला मुलीची शक्ती माहीत नाही. त्याला एवढंच कळतं की या म्हाताऱ्या कारकुनाने काही लिहायचं राहू दिलं की ते कुणाच्या लक्षात येत नाही. तो म्हाताऱ्याला दम देतो. आता मुलगी पेचात आहे. दरवाजा वगळला तर विजापूरचे लोक तो विसरतील, किल्लेदार खूश होईल, बापाची नोकरी राहील. पण दुसऱ्या दिवशीच फारसी कारकुनाच्या यादीत तो दरवाजा उतरला आहे. मुलीच्या शक्तीने त्याच्या डोक्यातून दरवाजा जाईल, त्याच्या कागदावरून शाई कशी जाणार?

हा पेच मला या कथेतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. लेखिकेने त्यावर जो प्रसंग रचला आहे तो जवळून बघण्यासारखा आहे. दोघं ताळा घालायला बसलेत, मध्ये म्हातारा, मुलगी चिकाच्या पडद्याआड. म्हातारा पाठ केलेली यादी म्हणतो, फारसी कारकून आपल्या कागदावर खूण करत जातो. जोंधळ्याची पेवं. तुपाचे बुधले. शिसं. दोरखंड. कढया, त्यातली एक फुटकी. फारसी कारकून तिथे थांबतो आणि म्हणतो, “फुटक्या दोन आहेत.” पडद्याआडून बोरू कागदावर टेकल्याचा आवाज येतो. तो काही बोलत नाही. पुढे एका ओळीपाशी तो पुन्हा थांबतो. त्याच्या स्वतःच्या हातची ओळ आहे, वळण त्याचंच, वाळूचे कण अजून चिकटलेले: पाण्याच्या बाजूचा लहान दरवाजा, एक माणूस वाकून जाईल एवढा. त्याला असा दरवाजा आठवत नाही. तो मान वर करून म्हाताऱ्याकडे बघतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की म्हाताऱ्याच्या हातात कागद उलटा आहे.

पहिल्या खर्ड्यातलं चांदणं आणि ही उलटी यादी यांची तुलना केली की प्रेमकथा कशाने उभी राहते ते दिसतं. याच घटकेला त्याला तीन गोष्टी एकदम कळतात. लिहिणारी ती आहे. आपल्याला काहीतरी विसरायला लावलं गेलं आहे. आणि दोन फुटक्या कढयांची दुरुस्ती जिने विनातक्रार केली, ती मनाने खोटी नाही. लेखिकेने यातलं एकही वाक्य लिहिलेलं नाही. तो फक्त म्हणतो, “आज उजेड कमी आहे, बाकी ताळा उद्या घालू.” दरबारात प्रेम करणाऱ्या माणसाकडे देण्यासारखं फारसं काही नसतं, एका रात्रीची सवलत असते. ती त्याने दिली.

पुढच्या चर्चेत विजापूरच्या बाजूचा प्रश्न आला. मुलीची शक्ती उघड झाली तर तिचं काय होईल? पहिला विचार सगळ्यांचा एकच, चेटकीण म्हणून शिक्षा. तो विचार बाहेरून ऐकलेल्या गोष्टींवर पोसलेला आहे, अली आदिलशहाच्या दरबाराला लागू होत नाही. या राजाच्या दरबारात 1570 मध्ये ‘नुजूम अल-उलूम’ नावाची सचित्र पोथी तयार झाली, ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्रहतारे, तावीज, मंत्र, वश करायच्या शक्ती आणि त्याच्याच जोडीला शस्त्रं, असा सगळा ऐवज तिच्यात आहे. काही अभ्यासक तर ती खुद्द अलीनेच रचली असं मानतात. म्हणजे या दरबारात जादू ही लपवायची वस्तू नव्हती, ती राज्य चालवायची एक विद्या होती. अशा दरबाराला ही मुलगी सापडली, तर तिला शिक्षा होणार नाही. तिला कामावर घेतील. आयुष्यभर बसवून कुणाला विसरायचं ते लिहून घेतील. शत्रूचे वारस, मोडलेले तह, नको झालेल्या राण्या. बीबी मरियमच्या लग्नातल्या त्या शब्दाचं विस्मरण या मुलीकडून किती सहज करवून घेता आलं असतं, हा विचार लेखिकेच्या मनात तिथेच आला, आणि तिने तो एका ओळीत फारसी कारकुनाच्या तोंडी घातला. दरबारी कथेत भीती अशी असावी, मानाची, बढतीची.

त्यावरून शेवट बदलला. आंदणात फक्त तोफा आणि धान्य जात नाही, माणसंही जातात. यादीच्या अखेरीस बटकी, माळी, भिस्ती यांची नावं यायची आहेत, आणि किल्लेदार मुलीलाही त्यात घालायला सांगतो. स्वतःचं नाव लिहिलं तर ती विजापूरला जाईल, जिथे तिचा माणूस आहे, पण आंदणाची वस्तू म्हणून जाईल. वगळलं तर सगळे तिला विसरतील, तोही, आणि बापही. आंधळ्या बापाचं सगळं चालतं ते मुलगी आहे या माहितीवर. पहिल्या खर्ड्यातही ती स्वतःला खोडत होती, पण तिथे ती पळवाट होती. इथे तीच कृती परवडत नाही, कारण किंमत ठरलेली आहे आणि ती दुसऱ्या कुणीतरी भरायची आहे.

ती काय करते? दरवाजा लिहिते, किल्लेदाराच्या डोळ्यांदेखत, शेवटच्या ओळीत. तो वाचू शकत नाही. आपलं नाव ती माणसांच्या यादीत घालत नाही, पण वगळतही नाही. जिथे लिहिणाऱ्याचं नाव येतं, त्या जागी बापाच्या नावाऐवजी आपलं नाव लिहिते. जादू शेवटपर्यंत हाताशी आहे आणि ती वापरत नाही. दुसऱ्या दिवशी ताळा पूर्ण होतो. आता फारसी कारकुनाने मोडी यादीखालचं नाव आपल्या कागदावर उतरवायचं आहे, तेच विजापुरात वाचलं जाणार. संपूर्ण कथेत या माणसाने फुटक्या कढईचाही फरक चालू दिलेला नाही. तो तिच्या नावावर बोट ठेवतो, वाचतो, आणि आपल्या कागदावर तिच्या बापाचं नाव लिहितो. दोन याद्यांमध्ये तेवढा एक फरक राहतो.

गटात यावर खूप वाद झाला. कॉलेजच्या मुलीचं म्हणणं, त्याने तिचं नाव पुसलं, तेही तिने पहिल्यांदाच लिहिलेलं असताना. हा आक्षेप हलका नाही. काकांचं म्हणणं, कारकुनाने जाणूनबुजून चूक केली म्हणजे त्याने मान पुढे केली, याहून जास्त तो काय करणार. मी काकांच्या बाजूने आहे, पण मुलीच्या आक्षेपामुळे लेखिकेने एक ओळ वाढवली ती मला पटली. नायिका त्याचा कागद मागते, फारसी येत नसताना त्या नावाच्या लांबीकडे बघते, आणि हे आपलं नाव नाही हे ओळखते. ती कागद परत देते. म्हणजे फरक आता दोघांच्या संमतीने राहतो.

सुटलेलं नाही ते दोन ठिकाणी. भाषेचं एक. नायकाच्या तोंडी शुद्ध पुस्तकी मराठी बसत नव्हती, फारसी शब्दांची भरताड केली तर वाचकाची दमछाक होत होती. लेखिकेने सोलापुरात कानावर पडणाऱ्या दख्खनीचा हेल थोडासा दिला, वाक्यं आखूड ठेवली. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी ऐकत मोठं झालेल्या माणसाचा कान यात तयार असतो. तरी काही संवादांत तो आजचा विजापूर वेशीतला मुलगा वाटतो, हे खरं.

दुसरं जास्त गंभीर आहे, किल्लेदार. तो दम देतो, डोळे वटारतो, आणि निरक्षर असल्यामुळे फसतो. कारस्थानाच्या कथेत प्रतिपक्ष इतका सोपा असला की नायिकेचं धाडस अर्धं होतं. माझं म्हणणं असं की किल्लेदाराला वाचता यावं. त्याने ती शेवटची ओळ वाचावी, दरवाजा लिहिला गेला हे बघावं, आणि तरीही शिक्का उमटवावा. कदाचित तोही त्या चाळीस वर्षांच्या भांडणाला कंटाळला असेल, किंवा नव्या धन्याकडे त्याने आधीच संधान बांधलं असेल. यातलं काय हे लेखिकेने ठरवायचं. सध्या ती दुसऱ्या शक्यतेकडे झुकली आहे, आणि त्यासाठी मेजवानीचा प्रसंग पुन्हा लिहायला घेतला आहे. त्यात किल्लेदार आदिलशाही पाहुण्याच्या हातून विडा घेतो, आणि तो किती वेळ हातात धरून ठेवतो एवढंच वाचकाला दिसणार आहे.